केळीची गाडी आणि हवेचे सस्पेन्शन

प्रश्न : रावेरहून आमची केळी ट्रकने दिल्लीकडे जातात. कमानपाट्यांच्या गाडीत घड दबून काळे पडतात. एअर सस्पेन्शन (कमानपाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर गाडी तोलणारी रचना) घ्यायचे, तर ॲक्टिव्ह घ्यावे की पॅसिव्ह?

उत्तर : आपल्या कामासाठी पॅसिव्ह पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कमानपाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे, आणि केळीचा माल रचून दाबता येत नसल्याने गाडी बहुधा त्या भारापेक्षा हलकीच धावत असल्यामुळे, ते ताठ राहतात आणि प्रत्येक हादरा घडांपर्यंत पोहोचवतात. पॅसिव्ह पद्धतीत रबरी फुग्यांतील हवेचा दाब लेव्हलिंग व्हॉल्व्ह, म्हणजे गाडीची उंची सांभाळणारी झडप, भारानुसार कमी-जास्त करतो. त्यामुळे गाडीची उंची कायम राहते आणि भार बदलला तरी लवचीकता फारशी बिघडत नाही.

ॲक्टिव्ह पद्धतीत सेन्सर आणि संगणक चाकांची हालचाल सतत मोजून हवा किंवा शॉक ॲब्सॉर्बरचा जोर बदलतात. मात्र हवा दाबली जाणारी असल्याने केवळ हवा भरून प्रत्येक खड्ड्याला तत्काळ उत्तर देता येत नाही. ते काम मुख्यतः शॉक ॲब्सॉर्बर करतात. महागड्या मोटारींना हे शोभते. मालट्रकला त्याचा खर्च आणि रस्त्यात बिघाड झाल्यास होणारा खोळंबा जड जाईल, कारण केळी थांबत नाहीत.

फुग्यांना हवा पुरवणाऱ्या टाकीत साचलेले पाणी मात्र नियमित काढा आणि फुग्यांना चिरा पडल्या आहेत का, हे दर फेरीपूर्वी पाहा.