लिलावातली रायफल: बोलीपलीकडचा खर्च

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये ग्रीनकार्डवर राहतो. ऑनलाइन लिलावात शिकारीची जुनी रायफल 400 डॉलरला दिसते आहे. प्रत्यक्षात केवढ्याला पडेल? विक्रेत्याला काय विचारावं?

उत्तर: 400 ही फक्त बोली. दुसऱ्या राज्यातला विक्रेता बंदूक थेट घरी पाठवू शकत नाही. ती तुमच्या भागातल्या परवानाधारक डीलरकडेच येते. उदाहरणार्थ, पाठवणी 40, कार्डाचा 3 टक्के अधिभार सुमारे 13 आणि डीलरचं शुल्क 35 धरलं तर 488 डॉलर झाले. विक्रीकर लागला तर तो वेगळा.

बोलीआधीच डीलरला फोन करा. काही डीलर खासगी विक्रेत्याचं पार्सल घेतच नाहीत, आणि हे पैसे भरल्यावर कळलं की सगळंच अडकतं.

विक्रेत्याशी संकेतस्थळाच्या संदेशातूनच बोला, म्हणजे लेखी पुरावा राहतो. नळीच्या आतला उजेडातला फोटो मागा. ‘वयाच्या मानानं छान’ या शब्दांवर विसंबू नका. दस्त्याला तडा आहे का, स्क्रू मूळचे आहेत का, पाठवणीत विमा धरला आहे का, परतीची अट काय, हे नेमकं विचारा. उत्तर टाळलं तर बोली लावू नका.

सर्वात महत्त्वाचं: डीलरकडे 4473 फॉर्म (बंदूक घेणाऱ्याच्या पार्श्वभूमी तपासणीसाठीचा सरकारी फॉर्म) भरण्याआधी रायफल नीट तपासा. बंदूक तुमच्या नावावर झाली की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. पार्श्वभूमी तपासणीत नकार आला, तर परतीचा खर्च सहसा तुमच्याच माथी येतो.