लहान गावात स्वतःचं स्वतंत्र वर्तमानपत्र चालवता येतं का? भांडवल किती लागतं?

भांडवलाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. 2014 पासून मी आमच्या गावातून चार पानी पाक्षिक काढतो. गाव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, साडेचार हजार वस्तीचं. एसटी स्टँडसमोर माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे टायपिंग आणि पानं लावायचा खर्च नाही. 500 प्रती तालुक्याला ऑफसेटवर छापून आणायला कागदासकट साडेतीन हजार लागतात. वर्षाचे 24 अंक, म्हणजे 84 हजार. वर्गणी 200 रुपये, वर्गणीदार 300, त्याचे 60 हजार. वरचे 24 हजार कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय आणि दशक्रियेच्या निवेदनांतून निघतात. नोंदणीसाठी आता प्रांत कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. 1867 चा कायदा गेला, नवा 1 मार्च 2024 पासून लागू झाला, शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर होतो.

पण तुम्ही 'स्वतंत्र' म्हणालात, आणि मी लिहायला बसलो तो त्या शब्दासाठी. लोकांना वाटतं गावातल्या संपादकाला सरपंचाची भीती असते. सरपंच पाच वर्षांनी बदलतो. भावकी बदलत नाही. खरी परीक्षा तिथे होते.

2021 ची गोष्ट. घरकुलाच्या 'ड' यादीची, म्हणजे सरकारी घरासाठी वाट पाहणाऱ्यांच्या यादीची, पडताळणी चालली होती. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवी होती, ती कपाटात होती. विचारलं की एकच उत्तर, ग्रामसभेत वाचू. मी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला. तीस दिवसांची मुदत संपायला दोन दिवस राहिले तेव्हा पानाला दोन रुपयांप्रमाणे झेरॉक्स हातात आल्या. 137 नावं होती. रात्री दुकानात बसून टाइप करत गेलो आणि 61 व्या नावाला हात थांबला. माझा सख्खा चुलतभाऊ. आमच्याहून वडील, सगळे त्याला अण्णा म्हणतात. माझे वडील गेले तेव्हा माझी बारावीची फी त्याने भरली होती. त्याचं घर दुमजली, स्लॅबचं. पक्कं घर असलेलं कुटुंब त्या योजनेत बसतच नाही.

मी अण्णाला दुकानात बोलावून यादी दाखवली. त्याला आधी कळायला हवं असं मला वाटलं, आजही तसंच वाटतं. तो बराच वेळ स्टुलावर बसून होता. मग म्हणाला, "माझं एकट्याचंच आहे का असं नाव?" नव्हतं. आणखी सात-आठ घरं तशी होती. तो उठून गेला. तासाभराने माझा थोरला भाऊ, दादा, आला. "अरे, एक ओळ कमी छापलीस तर काय बिघडेल? पेपर पंधरवड्याचा, भाऊबंद जन्माचे."

137 च्या 137 नावं छापली. अण्णावर एक अक्षर लिहिलं नाही. यादीच्या खाली फक्त अपात्रतेचे निकष दिले. त्या ग्रामसभेला मंदिरासमोर बसायला जागा उरली नव्हती, एरवी कोरमअभावी तहकूब होते. नावं एकेक करून वाचली, नऊ वगळली, त्यात अण्णाचं होतं. खालची नावं वर सरकली. एक म्हातारी बाई, पाचटाच्या छपरात राहायची, तिला वाचता येत नव्हतं, नातवाने अंक वाचून दाखवला होता. तिचं घर आता उभं आहे. वर पत्राच आहे, पण भिंती विटांच्या.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णाच्या मुलीचं लग्न झालं. आमच्या भावकीतली प्रत्येक लग्नपत्रिका माझ्या दुकानात जुळवली जाते. ही तालुक्याहून छापून आली, आणि निमंत्रकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. दादाचं होतं. आई त्या पत्रिकेवरून नुसता हात फिरवत राहिली. तेव्हापासून दर दिवाळीला दादा तोच प्रश्न काढतो, की एका ओळीने काय बिघडलं असतं.

दादा, हे तूही वाचशील म्हणून इथेच सांगतो. मूळ यादी पंचायतीत होती. मी 136 छापली असती तर आठवड्यात कोणीतरी ती शेजारी ठेवून पाहिली असती. मग उरलेल्या आठ घरांनी मला काय विचारलं असतं? त्यातल्या दोघांच्या बापाने आपल्या बापाला खांदा दिलाय. त्यांची नावं छापायची आणि आपलं झाकायचं, तर मग यादी मागायला मी कोण होतो?

मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये सोमठाण्यातून 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं, पुढे ते तरवडीहून निघायचं, 1967 पर्यंत. सत्यशोधक विचारांचं पत्र, खेड्यातून, सत्तावन्न वर्षं. तरवडी आमच्याच जिल्ह्यातली. खेड्यात राहून, रोज त्याच माणसांची तोंडं बघत त्या काळात ते चालवलं. दर 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, शहरात पत्रकारांचे सत्कार होतात, त्यात तरवडीचं नाव फार क्वचित निघतं, याचा मला राग येतो.

तेव्हा चालवता येतं का, तर येतं. नेत्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात घेऊ नका, बातमीचे पैसे घेऊ नका, आणि पहिल्या वर्षातच स्वतःच्या घराशी संबंधित एक खरी बातमी छापा. नंतर छापायचं धैर्य होत नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझं पोट दुकानावर आहे, पाक्षिकावर नाही. तुमचं तसं नसेल तर माझा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. कागद हातात असल्याशिवाय नाव छापू नका, बदनामीचा खटला दिवाणीही होतो आणि फौजदारीही. आणि माझी एक चूक: त्या यादीत एकाच नावाची दोन माणसं होती, मी वडिलांचं नाव टाकलं नाही. जो माणूस अपात्र नव्हता त्याला महिनाभर लोकांनी टोचलं. पुढच्या अंकात पहिल्या पानावर खुलासा छापला, त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. आता बापाच्या नावाशिवाय माझ्याकडे कोणतीच यादी छापली जात नाही.

अण्णाकडे अंक अजून जातो. 2021 पासून त्याची वर्गणी आलेली नाही. वर्गणीदारांच्या वहीतून त्याचं नाव मी काढलेलं नाही.