निंदा की निषेध?

एका वाचकाने विचारलं आहे: "इराकवरच्या अमेरिकी हल्ल्याबद्दल २००३ साली आपल्या संसदेने केलेला ठराव हिंदीतून मराठीत आणतोय. मुळात 'निंदा' आहे. 'संसदेने हल्ल्याची निंदा केली' हे मराठीत चालेल का?"

माझ्या मते नाही. मराठीत निंदा होते ती माणसाची, आणि बहुधा त्याच्या पाठीमागे. परनिंदा, निंदानालस्ती, 'निंदकाचे घर असावे शेजारी' हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. 'कुणाची निंदा करू नये' असं घरातली थोरली माणसं सांगतात, तेव्हा चूक निंदा करणाऱ्याची असते. म्हणून 'हल्ल्याची निंदा' म्हटलं की दोष हल्लेखोराकडून बोलणाऱ्याकडे सरकतो.

हिंदीत निंदा सरळ जाहीर नापसंती आहे. उलट तिथला निषेध म्हणजे मनाई. 'धूम्रपान निषेध' ही पाटी आठवा. संस्कृतातला अर्थही तोच, आणि 'विधिनिषेध'मध्ये तो आपणही सांभाळला आहे. एरवी आपला निषेध म्हणजे काळ्या फिती आणि मोर्चातली 'निषेध असो!' ही आरोळी.

ठरावातल्या शब्दाला इतिहासही आहे. एप्रिल २००३ मध्ये वाजपेयी सरकारला 'डिप्लोअर' (खंत व्यक्त करणे) इतपत सौम्य शब्द हवा होता, विरोधकांना 'कन्डेम' (कडक शब्दांत धिक्कार). तोडगा निघाला हिंदीचा: 'निंदा'त दोन्ही अर्थ मावतात. मनोहर जोशी तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते. ठराव एकमताने झाला, आणि इंग्रजी मजकुरात 'डिप्लोअर' आलं.

मग मराठीत कडक शब्द घालणं म्हणजे बाजू घेणं नाही का? मला तसं वाटत नाही, कारण त्याच ठरावात युद्ध थांबवा आणि सैन्य मागे घ्या अशी मागणी आहे. नुसती खंत व्यक्त करणारा असं सांगत नाही.

आणि हा हल्ला निषेधालाच पात्र होता, हे मी स्पष्ट म्हणतो. सद्दाम हुसेनची राजवट क्रूर होती. १९८८ मध्ये हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला गेला, हजारो माणसं मेली. जानेवारी २००५ च्या निवडणुकीत जांभळ्या शाईचं बोट उंचावणारे इराकी पाहून मलाही भरून आलं होतं. पण ज्या संहारक अस्त्रांचं कारण दिलं होतं ती सापडली नाहीत, आणि लोकशाहीचं कारण पुढे पुढे येत गेलं. मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी इराकी सैन्यच बरखास्त केलं. हत्यारं चालवता येणारी लाखो माणसं एका आदेशाने बेकार झाली. बाहेरून आलेल्या प्रशासकाने देशाचं सैन्य असं मोडायचं आणि मग तिथल्या लोकांना 'आता राज्य तुमचं' म्हणायचं, हे मला पटत नाही. लोकशाहीत पहिला निर्णय तरी लोकांचा हवा.

इथे निषेधाचा जुना अर्थही कामाला येतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कलम २(४) नुसार दुसऱ्या देशावर बळाचा वापर निषिद्ध आहे. अपवाद दोनच: स्वसंरक्षण आणि सुरक्षा परिषदेची परवानगी. अशी उघड परवानगी या हल्ल्याला नव्हती. म्हणजे मनाई मोडली म्हणून निषेध; एका शब्दात दोन्ही अर्थ.

तेव्हा वाक्य असं करा: 'संसदेने इराकवरील हल्ल्याचा निषेध केला.' शब्दावरची ती ओढाताण वाचकाला कळावी असं वाटत असेल, तर पुढे 'ठरावातील मूळ हिंदी शब्द "निंदा"' एवढं जोडा.