रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये २०१२ ला लढाईची पद्धत बदलली, तेव्हा जुने खेळाडू एवढे का भडकले?

भावा, बदल लहान नव्हता. आधी शत्रूवर एकदा क्लिक केलं की लढाई आपोआप चालायची. एका हातात चहा, दुसऱ्या हाताने मित्रांशी चॅट. नोव्हेंबर २०१२ च्या 'इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट'ने अ‍ॅबिलिटी बार आणला. वाराला बटण, बटणाला कूलडाऊन, म्हणजे पुन्हा दाबायच्या आधी थोडं थांबायचं. वर्षानुवर्षं कमावलेला हात एका अपडेटमध्ये पाण्यात! राजारामपुरीतल्या कॅफेतला आमचा एक दोस्त तर 'ह्यो आपला गेम न्हवं' म्हणत उठलाच. (माझ्या मते बॉसशी, म्हणजे गेममधल्या मोठ्या शत्रूशी, लढायला नवी पद्धत जास्त मजेची होती, पण तेव्हा ऐकतंय कोण!) शेवटी मतदान घेऊन फेब्रुवारी २०१३ मध्ये २००७ ची आवृत्ती 'ओल्ड स्कूल' नावाने परत आली. तिथं आता नवं काही मोठं आणायचं तर बहुतेक वेळा आधी खेळाडूंचं मत घेतात.