भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि मी लांब राहतो. मोबाइलवरच्या मेसेजचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण मेसेजच्या जोडीला घरातलं कुणी असेल तर. चीनच्या हुनान प्रांतात, लिउयांगच्या खेड्यांतल्या 278 रुग्णांवर याचा नीट अभ्यास झाला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना औषधाची आठवण करून देणारे साधे एसएमएस जायचे आणि एका माणसालाही, बहुतेकदा घरातल्याच, त्यात मदतनीस म्हणून जोडलेलं होतं. त्यांचं गोळ्या घेण्याचं प्रमाण 61 टक्के निघालं, बाकीच्यांचं 48. गोळ्या सुटल्या की हा आजार उलटतो, त्यामुळे एवढा फरकसुद्धा मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या मावशीला मी रोज रात्री साडेआठला लिहितो, "मावशी, जेवलीस का? भाजी कुठली केलीस?" गोळीचं दुसऱ्या ओळीत. आधी नुसतं "गोळी घेतली का?" पाठवायचो, तर तिला पाळत ठेवल्यासारखं वाटायचं, मग फोनच बंद. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तरी मागे लागू नका.

भावाला विचारूनच सुरू करा, वेळ आणि मजकूर त्यालाच ठरवू द्या. आजाराचं नाव लिहू नका, फोन घरात कुणाच्याही हाती पडतो. त्याची झोप उडाली, उत्तरं तुटक किंवा संशयी यायला लागली, तर मेसेजवर थांबू नका. घरी फोन करा, डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.