अनुदान आलंय, बँकेत भरू की दुकानात?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. दोन एकर बाग, एक एकर सोयाबीन. २०२५ च्या पावसाने सोयाबीन सडलं, बागेत निम्म्याहून जास्त घड जिरले, म्हणजे वाढण्याआधीच नाहीसे झाले. अतिवृष्टीचं अनुदान दोन टप्प्यांत मिळून ३३,४०० रुपये जमा झालंय. बँकेचं पीककर्ज १ लाख ६० हजार, मुदत ३१ मार्च. कृषी सेवा केंद्राची उधारी ४२,०००. भाऊ म्हणतात, बँकेत भरून मोकळं व्हावं. वहिनी म्हणतात, आधी दुकान.

भाऊ, वहिनींचं बरोबर आहे.

आधी रक्कम तपासू. बागेला हेक्टरी २२,५०० प्रमाणे ०.८० हेक्टरचे १८,०००. जिरायत सोयाबीनला हेक्टरी ८,५०० प्रमाणे ३,४००. रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १०,००० प्रमाणे १२,०००. हिशोब जुळतो, कुठे कापलेलं नाही. अर्थात एवढ्यात औषधांचाही खर्च निघत नाही, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

आता कर्ज. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तुमच्यावर व्याज शून्य पडतं. म्हणजे आज पैसे भरले काय आणि मार्चमध्ये भरले काय, तुमचा एक रुपया वाचत नाही. उधारीचं तसं नाही. तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात. जूनपासून डावणी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाच्या औषधांच्या ओळीमागून ओळी, आणि खाली पेन्सिलने लिहिलेलं ‘२ टक्के’. ते महिन्याचं आहे. दरमहा ८४० रुपये, वर्षाला २४ टक्के.

तरी सगळे दुकानात देऊ नका. उन्हाळ कांद्याचं रोप तयार आहे म्हणता. लागवडीची मजुरी रोख द्यावी लागते, खतही रोखीने घेतलं तर भाव तुटतो. त्यासाठी १५,००० बाजूला ठेवा. हातात पैसा नसला की वहिनींचे दागिने गहाण जातात, हे मी दर हंगामात पाहतो आणि दर वेळी जीव तुटतो. उरलेले १८,४०० दुकानात द्या. बाकी राहील २३,६००, व्याज येईल महिना ४७२.

खरी काळजी ३१ मार्चची आहे. बाग अर्धी, आणि कांद्याचा पैसा त्यानंतरच येणार. फेब्रुवारीत बागेचा सौदा झाला की लगेच आकडा मांडा. कमी पडत असेल, तर मुदत संपण्याआधी बँकेत पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाचे नवे हप्ते पाडून मुदत वाढवण्याचा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये वसुलीला स्थगिती आणि पुनर्गठन आहे. पण पुनर्गठित कर्जाला दुसऱ्या वर्षापासून नेहमीचं व्याज लागतं, म्हणून भरणं शक्य असेल तर भराच. कर्जमाफी होणार म्हणून थांबू नका. २०१९ च्या कर्जमाफी योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं होतं.

बँकेने अनुदान कर्जात वळतं करायचं म्हटलं, तर ठाम नाही म्हणा. त्यातून वसुली करायची नाही, असे शासनाचेच आदेश आहेत. ऐकलं नाही तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा.

दुकानात पैसे देताना वहिनींना सोबत न्या. पावती घ्या, वहीत बाकी २३,६०० लिहून दोघांच्या सह्या करा, आणि पुढचं व्याज त्याच रकमेवर धरायचं हे तिथेच बोलून घ्या.