घरात शिरलं की रेंज गायब!

प्रश्न: गॅलरीत फुल रेंज आणि आतल्या खोलीत कॉल सारखा कट होतो, सिग्नल वाढवणारा बूस्टर घेऊ का?

उत्तर: थांबा, बूस्टर बऱ्याच देशांत परवानगीशिवाय लावताच येत नाही, शिवाय शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडतं ते वेगळंच. घरात वायफाय असेल तर सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, कॉल टॉवरऐवजी ब्रॉडबँडवरून जातो, वेगळं ॲप लागत नाही, कित्येकांना हे माहीतच नसतं! वायफाय नसेल तर फोनमधला डीबीएमचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा बघत घरभर फिरा (कांड्यांवर फार विसंबू नका), फोरजीवर उणे ८५ म्हणजे झकास आणि उणे ११० च्या खाली गेलं की बोंब. सळयांचं काँक्रीट सिग्नल खातं, त्यातून ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड (म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी) त्यातल्या त्यात बरे आत येतात, आणि प्रत्येक कंपनीचे बँड सारखे नसतात, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम आतल्या खोलीत एकदा टाकून बघाच.